गळका रेडिएटर घेऊन उदगीरला

नांदेडहून सकाळी साडेसहाला निघालो तेव्हा बायको दारात उभी होती. निरोप द्यायला नव्हे. जीप गल्लीच्या टोकापर्यंत तरी जाते का, हे तिला बघायचं होतं. जीप गेली. वळणावर मी मागे पाहिलं तर बायको आत गेली होती आणि गल्लीभर पाण्याची बारीक रेघ उमटली होती.

ही जीप म्हणजे माझा छंद. धंद्याने मी दातांचा डॉक्टर. लष्कर आपल्या जुन्या गाड्या लिलावात काढतं आणि माझ्यासारखे काही शहाणे ते भंगार पुन्हा उभं करण्यात आयुष्य घालवतात. दुसऱ्या महायुद्धातली ही जीप मी सिकंदराबादच्या लिलावातून ट्रकवर घालून आणली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली मुंगसाचं बिऱ्हाड होतं. तीन वर्षं खपलो. दातांच्या मुळात घालायच्या सुयांनी कार्बोरेटरची छिद्रं साफ केली, हिरवा रंग स्वतःच्या हाताने मारला. सगळं अस्सल मिळालं, एक रेडिएटर तेवढा गळका राहिला.

तसाच अस्सल, कोरा रेडिएटर उदगीरला होता. तिथले मन्मथअप्पा हे लिंगायत आडत व्यापारी. त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा लिलावात घेतलेला तो रेडिएटर गोदामात तुरीच्या पोत्यांमागे पडून होता. मी पत्र टाकलं. उत्तर आलं : ‘गाडी चालवत दारी आणून दाखवावी. चालती असल्यास सामान देऊ. भंगारवाल्यास देणे नाही.’ मुलगी द्यायच्या आधी स्थळ बघतात, तशातला प्रकार. मग काय करता? नवा रेडिएटर आणायला गळका रेडिएटर घेऊन निघालो.

सोबत मकबूलभाई होते. नांदेडात त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे आणि माझ्या जीपवर माझ्याइतकाच त्यांचा जीव आहे, फक्त ते तसं कबूल करत नाहीत. लोह्याच्या अलीकडेच तापमानाचा काटा लालवर गेला. मकबूलभाईंनी खिशातून हळदीची पुडी काढली आणि रेडिएटरमध्ये रिकामी केली. हळदीने बारीक भेगा बुजतात म्हणे. भेगा थोड्याफार बुजल्या असतील, पण तिथून पुढे जीपला उकळत्या वरणाचा वास यायला लागला.

खरी अडचण पुढेच होती. त्या वर्षी दुष्काळ असा की कंधारच्या किल्ल्याचा खंदकसुद्धा तळ दाखवत होता. दर पाच-सात मैलांवर जीपला पाणी हवं आणि गाडीसाठी पाणी मागितलं की लोक आमच्याकडे वेड्यासारखे बघत. मकबूलभाईंनी युक्ती काढली. “डाक्टरसाब, गाडीला मागू नका. आपल्याला तहान लागली म्हणा. मराठवाड्यात प्यायच्या पाण्याला कोण न्हाई म्हणतंय?” ते खरंच होतं. हॉटेलात, मळ्यात, शाळेत, सगळीकडे तांब्या पुढे आला. आम्ही एकेक घोट घ्यायचो आणि उरलेलं पाणी बॉनेटआड ओतायचो. जीपची तहान भागत होती, आमची मात्र वाढत होती.

दुपारी नव्या लातूर जिल्ह्याची हद्द लागली. जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. स्वागताच्या पाटीवर ‘लातूर’ ताज्या रंगात होतं आणि त्याखालून जुन्या जिल्ह्याची अक्षरं अजून डोकावत होती. बारा किलोमीटर वाचतात म्हणून आम्ही डांबरी सोडून एका आडवाटेला लागलो आणि पुढच्या गावात जीप वाफ सोडत उभी राहिली.

पारावर साठीची एक बाई बसली होती. सगळं गाव तिला अक्का (कानडी मुलखाकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं) म्हणत होतं. आम्ही तहान सांगितली. तिने घरातून दोन तांबे आणून दिले. मकबूलभाई सवयीने बॉनेटकडे वळले. अक्का उठली, शांतपणे जीपला वळसा घालून पलीकडे गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“तहान तुमाला लागली म्हणलाव, आन् पाजायलाव कुणाला?”

“अक्का, हीसुद्धा तापलीय हो,” मी म्हणालो.

“तापली असंल. सावलीत लावा, सांजच्याला निवंल.” तिचा आवाज चढला नाही. “दुस्मन दारात आला तरी आमी त्येला तांब्या देताव. पर लोखंडाला पाजाया हितं पानी न्हाई.”

“सही बोल रई,” मकबूलभाई जमिनीकडे बघत पुटपुटले. मला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. लिंबाच्या सावलीत आम्ही दोघं ओरडा खाल्लेल्या पोरांसारखे बसून राहिलो. सोबतचे धपाटे घशाखाली उतरेनात, कारण ते उतरवायला पाणी मागायची आता सोय नव्हती.

तासाभराने नदीकडून एक माणूस घामाघूम चालत आला. तो टँकरचा ड्रायव्हर होता. गावाला मंगळवार-शुक्रवार पाण्याचा टँकर यायचा आणि आज तो नदीच्या कोरड्या पात्रात, रेतीत फसला होता. सगळं गाव घागरी घेऊन पळालं. आम्हीही गेलो. टँकर एका अंगाला कलला होता आणि वरच्या झाकणातून पाण्याची धार रेतीत जात होती. बायका आळीपाळीने घागरी धरत होत्या, पण धार घागरीपेक्षा चलाख होती.

अक्काने माझ्याकडे पाहिलं. “तुमची गाडी मिलटरीची हाय म्हणं. वढंल का?”

आता कबूल करतो. जीपला पुढच्या चाकांना जोर देणारा एक वेगळा दांडा आहे. तीन वर्षांत मी त्याची मूठ शंभरदा पुसली असेल, पण दांडा एकदाही टाकला नव्हता. आत काही मोडलं तर अस्सल भाग कुठून आणायचा, ही भीती. पण समोर पन्नास माणसं उभी होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “ओढेल. पण पाणी लागेल.”

मग अक्काने धारेखाली धरलेली आपली घागर उचलली, काठ चढून गावात गेली आणि तांब्याने जीपमध्ये पाणी ओतू लागली. तिच्यामागून इतर बायका आल्या. प्रत्येकीने एकेक तांब्या ओतला. जीपने ओढलं नाही तर टँकरचं पाणी जाणार होतंच, वर हेही जाणार होतं, आणि मी त्या बायकांना तोंड कसं दाखवणार होतो?

मी जीप नदीकाठी नेली. कोणीतरी नाडा (मोटेचा जाड दोर) आणला. विहिरी आटल्याने मोटा कधीच्या बंद होत्या. टँकरच्या चाकांखाली पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) टाकल्या. मी देवाचं नाव घेऊन दांडा टाकला आणि जीपला जोरात हिसका दिला. जीपची चाकं जागच्या जागी फिरली.

“डाक्टरसाब,” मकबूलभाई खिडकी नसलेल्या बाजूने म्हणाले, म्हणजे कुठूनही, कारण माझ्या जीपला खिडकीच नाही. “दाढ काढताना असाच हिसका देताव का?”

मी चपापलो. दाढ अशी उपटत नाहीत. आधी ती मागे-पुढे हलवून सैल करायची असते. मग मी तेच केलं. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा पुढे. मागून गाव रेटत होतं. टँकर डुलू लागला, आणखी डुलला आणि सावकाश, कुरकुरत, वर आला. काठावर पोचला त्याच क्षणी माझ्यापुढे ‘फट्’ असा आवाज झाला आणि सगळ्यांच्या अंगावर वरणाच्या वासाची वाफ उडाली. रेडिएटर तळापासून उलला होता.

बायकांनी ओतलेलं सगळं पाणी वाटेवर सांडलं. मी अपराध्यासारखा अक्काकडे पाहिलं.

“जाऊ द्या,” ती म्हणाली. “टँकर वर आला न्हवं?”

टँकर रिकामा झाल्यावर त्याच नाड्याने जीप टँकरमागे बांधून आम्ही उदगीरला पोचलो. मन्मथअप्पा कपाळावर भस्म लावून दुकानाच्या पायरीवर उभे होते.

“चालवत आणा म्हणलो होतो.”

“अप्पा, रेडिएटर फुटला.”

“म्हणूनच चालंना.”

“तुमचा बसवला की चालेल.”

“चालली की देतो.”

ड्रायव्हरने हकिगत सांगितली. अप्पांनी ती शेवटपर्यंत ऐकली. “लई पुण्याचं काम केलाव,” ते म्हणाले. “पर शब्द म्हणजे शब्द. आदी खाऊन घ्या.” मग ताटल्या भरून सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, शेंगदाणे घातलेला प्रकार) आली. दुसऱ्या ताटलीनंतर मकबूलभाईंनी तोड काढली. जीप ढकलत गल्लीच्या टोकाला न्यायची, अप्पांनी रेडिएटर तिथे उसना द्यायचा आणि तिथून जीप चालवत अप्पांच्या दारी आणायची. अप्पांनी विचार केला. त्यात त्यांच्या शब्दाला कुठे धक्का लागत नव्हता.

तीन तासांनी मी जीप चालवत दारात आलो. अप्पा पायरी उतरून पुढे आले, जणू मला पहिल्यांदाच बघत होते. “या, या. नांदेडहून आलाव जणू? परवास कसा झाला?”

पुढचे तीन दिवस त्यांनी आम्हाला सोडलं नाही. उदगीरातल्या त्यांच्या प्रत्येक पाहुण्याला जीपमध्ये बसवून फिरवावं लागलं. शुक्रवारी सुटका झाली. नाडा परत द्यायचा म्हणून आम्ही त्याच आडवाटेने निघालो.

नदीत टँकर फसलेला होता, त्याच खड्ड्यात. ड्रायव्हर बाभळीखाली आडवा झाला होता. “या, डाक्टरसाहेब. म्हणलंच आज येताल.”

“उतारावर मुरूम टाकायला सांगितलं नाहीस का कचेरीत?”

“सांगितलं की. फाइल जुन्या जिल्ह्यात हाय. हितं निस्त्या खुर्च्या आल्यात.”

या खेपेला पाच मिनिटांत टँकर निघाला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आभारही मानले नाहीत. बायका लगेच रांगेला लागल्या. मी नाडा गुंडाळून अक्कापुढे धरला. तिने तो घेतला नाही.

“ऱ्हाऊ द्या गाडीतच,” ती म्हणाली. “मंगळवारी लागंल.”

आम्ही नांदेडची वाट धरली. तीन वर्षं मी या गाडीचा एकेक खिळा अस्सल शोधत फिरलो, पण अस्सल झालेल्या गाडीचं करायचं काय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे ती चालते?”

पाऊस लागेपर्यंत माझ्या दवाखान्याच्या दारावर मंगळवारी आणि शुक्रवारी ‘डॉक्टर बाहेरगावी’ अशी पाटी होती. त्या उन्हाळ्यात दाढ धरून परत गेलेल्यांनी मला काय काय शिव्या दिल्या असतील, देव जाणे. मी नदीत होतो.