चुंबकाच्या खोलीत अप्पा

जळकोटच्या स्टँडावर नांदेडची बस लागली, तेव्हा आईनं खिडकीतून चिवड्याची पिशवी कोंबली अन् म्हणाली, "शिकणं झालं की परत ये. उगं तिकडंच रमू नको." मी "हाव" म्हणाले. नांदेड झालं, पुणं झालं, आता जर्मनीत आहे. ते "हाव" अजून तसंच लटकलंय.

गावाकडची मंडळी विचारतात, तिथं काय करायलीस बाई? सांगते. मी भट्टीत स्फटिक वाढवते. त्याचे पापुद्रे असतात अन् ते अंगचेच चुंबक. एकाचं तोंड वर, तर शेजारच्याचं खाली. भयंकर थंड केलं की त्याच्या आत वीज अडते, कडेकडेनं मात्र बिनबोभाट पळते. ती कमी थंडीतही तशीच पळावी, एवढाच माझा खटाटोप. आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे घरात पाय ठरंना, अन् बाहेर नुसती पळापळ. तुझ्यावानीच की!"

यंदा अप्पा, माझे वडील, इकडं आले. कधी किराणा दुकान न सोडणारा माणूस, पण आईनं पिटाळला होता. नांदेडच्या एका कॉलेजात जागा निघाली होती. "पोरीला घेऊनच या," असा हुकूम. अप्पा "चल" म्हणाले असते तर मला नाही म्हणवलं नसतं.

त्यांना प्रयोगशाळा दाखवायला नेलं, तर दारातच घोळ. मोठ्या चुंबकाच्या खोलीत अंगावर धातू चालत नाही. अप्पांनी घड्याळ, पट्टा, किल्ल्या मुकाट्यानं काढल्या. गळ्यातली चांदीची डबी राहिली. त्यात इष्टलिंग, आमच्या लिंगायतांत ते जन्मभर अंगावेगळं करत नाहीत. चांदीला चुंबक ओढत नाही हे मी दारावरच्या हेल्गाबाईंना सांगून पाहिलं. बाई हटेनात. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

अप्पा म्हणाले, "थांब की जरा. त्या बाईंचं काय चुकलं?" त्यांनी पाठ फिरवली, डबीतलं लिंग रुमालात बांधलं, रुमाल गळ्यात अडकवला अन् रिकामी डबी हेल्गाबाईंपुढं धरली. बाईंनी ती ओंजळीत घेतली अन् आम्ही परत येईस्तोवर तशीच धरून उभ्या राहिल्या.

आत मी तिळाएवढा चकचकीत तुकडा दाखवला.

"एवढ्याशासाठी आमची पोर पळवली व्हय!" अप्पा हसले. मग वाकून लई वेळ बघत राहिले. "तू वाढवलास हा?"

"हाव, अप्पा."

बाहेर बसस्टॉपवर त्यांनी आईला फोन लावला. आई तिकडून ओरडली, "कवा निघताय दोघं?"

"मी येतो ठरल्या दिवशी. पोरीला न्हाई आणत. तिचं काम हाय हितं."

आई म्हणाली, "बरं. जेवलाव का?"

"आता घरीच निघालोत. गेल्यावर जेवतो."

घरी म्हणजे माझ्या भाड्याच्या दोन खोल्या. इतकी वर्षं मी त्यांना 'रूम'च म्हणत आले होते. अप्पांनी सहज घर म्हणून टाकलं, अन् मी भर रस्त्यात, त्यांचा हात धरून, पोटभर रडले.