चोंगचिंगच्या स्टेशनात हरवलेल्या काकू

वत्सलाकाकू ट्रॅममध्ये चढल्या की माझ्या कोटाची बाही घट्ट धरत आणि उतरेपर्यंत सोडत नसत. जर्मनीतल्या ड्रेस्डेनची ट्रॅम दुपारी अर्धी रिकामी असते, तिथे हरवायचं म्हटलं तरी जमणार नाही. पण काकूंना ते पटवायच्या भानगडीत मी पडले नाही. "मला भीती वाटते बाई. सांगायला लाज कसली?" असं त्या सरळ म्हणत.

काकू साताऱ्याच्या. मुलगा मिलिंद इथल्या चिपच्या कारखान्यात इंजिनियर, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारा. त्याआधी तो चीनमध्ये, चोंगचिंगला होता. काकू तिथेही त्याच्याकडे राहून आल्या होत्या, पण त्याबद्दल बोलत नसत.

एकदा इथल्या हाउप्टबानहोफवर, म्हणजे मुख्य रेल्वे स्टेशनवर, सरकत्या जिन्यापाशी त्या थबकल्या. पाऊलच उचलेना. मी त्यांना बाकावर बसवलं, तेव्हा कुठे त्यांनी सांगितलं.

चोंगचिंगची मेट्रो स्टेशनं डोंगराच्या पोटात खोल गेलेली. आत शिरताना पिशव्या यंत्रातून जातात, बाटलीतलं पाणी घोटभर पिऊन दाखवावं लागतं. काकू घोट घेत होत्या, तेवढ्यात मागची गर्दी मध्ये घुसली. मिलिंद फोनवर बोलत पुढे गेलेला.

"त्याचं निळं जाकीट दिसलं, मी मागोमाग गेले. एक जिना उतरले, दुसरा उतरले. खाली तो माणूस वळला. अगं, भलताच कुणीतरी! मग घाबरून वर जाणाऱ्या जिन्यावर चढले, तर शेजारच्या जिन्यावरून मिलिंद खाली धावत चाललेला. चेहरा पांढराफटक. हाताच्या अंतरावरून गेला गं! मी हाक मारायला गेले, तर घशातून आवाजच निघेना."

वर पोचल्यावर काकू खांबाला टेकून खालीच बसल्या. पाट्यांवरचं एक अक्षर ओळखीचं नाही. "वाटलं, आता इथेच मरणार मी. आणि कुणाला माझं नावसुद्धा कळायचं नाही."

गणवेशातली एक मुलगी त्यांना स्टेशनच्या खोलीत घेऊन गेली. गरम पाणी दिलं, भाषांतरासाठी फोन तोंडासमोर धरला. "मेरा लडका नीचे पळ गया," काकू पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या. फोनला त्यांचं साताऱ्याचं हिंदी उमजेना. त्या पोरीचं मनगट त्यांनी इतकं आवळून धरलं होतं की लाल झालं.

"मग मिलिंद आला," काकू म्हणाल्या, आणि उठल्याच. चालता चालता हळूच म्हणाल्या, "आत्ता जिन्यापाशी झालं ते त्याला नको हं सांगू."

गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या. नंतर मिलिंद माझे डबे परत द्यायला वर आला. दारातच उभा राहिला. चीनचा विषय त्यानेच काढला.

"ताई, त्या खोलीत मी शिरलो ना, तेव्हा वाटलं, आई धावत येऊन मला मिठी मारेल. ती त्या मुलीच्या मागे लपली. म्हणाली, 'चुकलं रे माझं. रागावू नकोस.'"

डबे अजून त्याच्याच हातात होते.

"एवढी घाबरायची का हो ती मला?"

'त्याला नको हं सांगू' म्हणालेल्या काकू आठवल्या, आणि मी त्याच्या हातातले डबे काढून घेतले.