सालगड्याच्या नावावर रेसची गाडी

ती गाडी आजही डोळ्यांसमोर आली की माझं डोकं तापतं. जपानी बनावटीची, शर्यतीसाठी मुद्दाम बदललेली. मागच्या सीटा काढून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेला, इंजिनही दुसरंच घातलेलं. असली गाडी रस्त्यावर आणायची परवानगीच नसते. पण परभणीतल्या एका बड्या बागायतदाराचा मुलगा ती पोखर्णी रस्त्यावर पळवायचा.

एका दुपारी त्या गाडीने स्कूटीवरून घरी निघालेल्या अंगणवाडी सेविकेला उडवलं आणि थांबलीसुद्धा नाही. बाईंचा पाय गुडघ्यातून कापावा लागला. तिसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याचा ठाण्यात फोन आला. "साहेब, बंपर चेपलेली रेसची गाडी आलीय. मालक लय घाई करायलाय." आम्ही पंचनामा करून गाडी जप्त केली.

बागायतदाराचा मुलगा ठाण्यात आला तो न विचारता खुर्ची ओढून बसला. "गाडी अपघाताच्या आठ दिवस आधीच विकलीय," म्हणाला आणि विक्रीचा करारनामा टेबलावर टाकला. घेणारा कोण? त्याच्याच शेतावर राबणारा, राणीसावरगावकडचा पन्नाशीचा सालगडी! तो हात जोडून मागे उभा होता.

"मीच चालवायलो व्हतो साहेब. चूक झाली."

कागद होता, कबुली होती. आमचा हवालदार अटकेचे कागद भरायलाही बसला. मला मात्र संताप आवरेना. जन्मात ट्रॅक्टरशिवाय काही चालवलं नसेल, त्या माणसाने म्हणे रेसची गाडी घेतली! बागायतदाराच्या मुलाला बाहेर बसवून मी सालगड्यासाठी चहा मागवला.

"मामा, नारळ कुठं फोडला?"

"कशाचा साहेब?"

"गाडी घेतली ना तुम्ही?"

त्याने मान डोलावली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात करारनाम्याची तारीख पाहिली. "त्या दिवशी तर अमावस्या होती."

तो दचकलाच. "अमावस्येला? न्हाई साहेब! अमावस्येला आमी बैलाचं दावं बी घेत न्हाई."

बोलून गेला आणि ढसाढसा रडायला लागला. अंगठा अपघातानंतर घेतला होता आणि मागची तारीख टाकली होती. "धाकले मालक म्हन्ले, दोन-तीन म्हयन्यांत सोडवून आनतो. पोरीचं लगीन लावून देतो."

रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात त्या दुपारी बागायतदाराचा मुलगाच स्टिअरिंगवर दिसला. अटक केली तेव्हा तो मला वर ऐकवतो, "साहेब, त्याच्या घरादाराला आम्हीच सांभाळतो ना!" एका बाईचा पाय घेतला, एका निरपराध माणसाला तुरुंगात धाडायला निघाला, आणि बोलणं उपकाराचं! मी कसाबसा हात आवरला.

नाकारणाऱ्यापेक्षा झटकन कबूल करणाऱ्याला जास्त प्रश्न विचारावेत, हे मी या प्रकरणात शिकलो. पण जबाब लिहून झाल्यावर सालगड्याने मलाच एक प्रश्न विचारला. दारात थांबून तो म्हणाला, "साहेब, उद्या कामावर जाऊ का? मालक रागावले असतील."