सदर वाहन माझ्या नावावर आहे

माझ्या वहीचे फोटो काढून मावसदिरानं ते मित्रांच्या ग्रुपवर टाकले आणि वर लिहिलं, 'टूरचा प्लॅन तयार. दोन महिने अभ्यास केला.' हा अभ्यासू माणूस वाटूरहून जालन्याला यायचं तरी फोन करून रस्ता विचारतो. नवऱ्यानं ते मला कौतुकानं फोनवर पाठवलं. मी तेव्हा अंबडच्या कोर्टाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये, माझ्या टेबलावर एका बाईचं हक्कसोडपत्र टाइप करत होते. रागानं 'स्वखुशीने' हा शब्द माझ्याकडून तीनदा चुकला.

वही माझी होती. त्या अख्ख्या हिवाळ्यात, पक्षकार नसले की, मी ती भरली होती. जालन्याहून रेल्वेत आमची मोटारसायकल चढवायची, अंबाल्याला उतरवायची, तिथून सिमला, मग किन्नौरच्या बाजूनं हळूहळू चढत स्पिती. तिकडं हिमालय असूनही पाऊस पडत नाही, झाड नाही, गवत नाही. मातीचे उघडे डोंगर आणि नदीनं खोल कापून काढलेल्या दऱ्या. अकरा दिवसांचं एकेक पान केलं होतं. पेट्रोल कुठं मिळेल, पंक्चर कुठं निघेल, कोणत्या गावात घरात राहायची सोय आहे, सगळं. सहाव्या पानावर लाल पेनानं लिहिलं होतं, मनालीकडून चढायचं नाही, एकदम उंची येते आणि डोकं धरतं. आणि ओढे सकाळीच ओलांडायचे, कारण दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं.

हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमचं घराणं मेंढरांचं. वडिलांनी शहागडजवळच्या आजोबांच्या जमिनीवर शेती धरली ती उशिरा. त्याआधी आठ महिने रानोमाळ. एक माणूस कायम एक मुक्काम पुढं जायचा, पाणी आणि चारा बघून यायचा, मग कळप हलायचा. बघितल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. मी वहीत तेच केलं. मी आणि नवरा, दोघंच जाणार होतो. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि पोरं आजोळी राहणार होती. मला ते डोंगर बघायचे होते. एवढंच, पण फार हवं होतं.

मावसदिराला कुठून तरी सुगावा लागला आणि एका रविवारी तो नवीकोरी मोटारसायकल घेऊन दारात हजर. आयत्या बिळावर नागोबा. वही चाळत, पानांचे फोटो काढत म्हणाला, "वैनी, तिथं हवा इरळ असती. धडधाकट माणसं आडवी पडतात. तुमच्यानं न्हाई जमायचं."

"तुमच्यानं जमन का? जिना चढून आल्यावर पाणी मागता," मी म्हटलं.

तो हसला. नवराही हसला, पण त्याच्याकडं बघून. मी त्याच क्षणी ओळखलं की मागची सीट गेली. रात्रीपर्यंत वाट बघायचीही गरज पडली नाही. दीर फाटकाबाहेर पडला आणि नवरा म्हणाला, "मी इचार करून राह्यलो, ह्या टायमाला आम्ही दोघं जाऊन येतो. रस्ता बघून घेतो. पुढच्या वर्षी तुला बराबर नेतो."

"रस्ता मी बघितलाय."

"वहीत बघितलाय."

मी भांडकुदळ आहे, हे सगळी गल्ली सांगेल, पण त्या दिवशी मी नुसती वही मिटून ठेवली. निघायच्या दोन दिवस आधी दिराचा फोन आला. धपाटे जरा तेल जास्त घालून करा, चार दिवस टिकले पाहिजेत, आणि शेंगदाण्याची चटणी वेगळी बांधा. मी धपाटे केले. आजही त्याची लाज वाटते. पीठ मळताना मी दोघांना मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या तेवढं त्या पिठात मीठही नव्हतं.

आता गाडीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. आमच्याकडं लग्नात जावयाला मोटारसायकल देतात. मांडवात तिला हार घालतात, नवरदेव तिच्यावर बसून फोटो काढतो, आणि मग ती जावयाची. कागदपत्रं कुणाच्या नावावर, हे जावई विचारत नाही. विचारलं तर हावरट दिसतो. सासराही 'नावावर करून देतो' म्हणत राहतो. माझ्या लग्नाच्या आठवडाभर आधी वडिलोपार्जित जमीन भावांच्या नावावर करायची म्हणून मला तहसीलला नेलं होतं. बहिणीनं हिस्सा सोडायचा, लिहून द्यायचं, ही रीतच. कागद माझ्यासमोर सरकवला. मी वाचायला घेतला तर थोरला भाऊ म्हणाला, "वाचती काय, आम्ही काय परके हावोत का?" मी विचारलं, "कुठं करू सही?" परत येताना वडील दुकानात थांबले आणि माझ्या नावानं ती गाडी घेतली. का, ते बोलले नाहीत. शेताच्या रस्त्यावर मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं, लायसनही त्यांनीच काढून दिलं होतं. जमिनीच्या बदल्यात मला जे मिळालं ते हेच, आणि तेही मांडवात हार घालून दुसऱ्याला दिलं.

तेरा वर्षं मी तिच्यावर एका बाजूला पाय सोडून बसले. विमा दरवर्षी मी भरायचे, कागद माझ्या टेबलाच्या खणात असायचे. नवरा त्यांची झेरॉक्स खिशात घालून फिरायचा. त्यावर माझं माहेरचं नाव आहे, हे त्यानं कधी नीट वाचलंच नसावं.

जूनमध्ये दोघं निघाले. मी दुपारी टेबलापाशी होते तेव्हा जालना स्टेशनवरून नवऱ्याचा फोन आला.

"पार्सलवाला ऐकना. म्हणतो, मालकाची सही पाहिजे. संमतीचं पत्र टाइप कर, सही कर अन् येणाऱ्या एस्टीत कंडक्टरजवळ दे. जल्दी कर, टाइम न्हाई."

मी नवं पान उघडलं. 'मी खाली सही करणार, स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय' एवढं टाइप झालं. हा मजकूर मी झोपेतही टाइप करते. समोर बसलेल्या बाया रोज पदराला हात पुसतात आणि विचारतात, कुठं करू सही? त्यांच्यातल्या एकीलाही मी कधी म्हटलं नव्हतं की बाई, आधी वाच. त्या दिवशी मला स्वतःचाच संताप आला. मी पान पुसलं, खणातून मूळ कागद काढले, लॅपटॉप बंद केला आणि एस्टीत स्वतःच बसले.

पार्सल ऑफिससमोर गाडी गोणपाटात गुंडाळून सुतळीनं बांधलेली होती. टाकीतलं पेट्रोल काढून कॅनमध्ये भरलेलं होतं. दिराची गाडी कधीच आत गेली होती. मला बघून नवऱ्याचा चेहरा खुलला.

"आली का! पत्र कुठंय?"

"मी पत्र न्हाई आणलं. गाडी न्यायला आलेय."

दीर म्हणाला, "वैनी, स्टेशनावर तमाशा बिलकुल नको."

"मंग बघू नका," मी म्हटलं आणि सुतळी सोडायला बसले. गाठी घट्ट होत्या, नखं तुटली. हमाल आणि रिक्षावाले गोळा झाले. नवरा हळू आवाजात एकच गोष्ट सांगत राहिला, लोक बघून राह्यलेत, लोक बघून राह्यलेत. मी कॅन उचलून पेट्रोल टाकीत ओतलं. थोडं साडीवर सांडलं. मग साडी खोचून दोन्हीकडं पाय टाकून बसले. तेरा वर्षांनी क्लच सोडताना गाडी दोनदा बंद पडली, लोक हसले, तिसऱ्यांदा निघाली. अंबडपर्यंत मी तीसच्या वर गेले नाही. मला इतका आनंद झाला होता की भीती वाटत होती.

नवरा संध्याकाळी एस्टीनं आला. दीर एकटाच गेला, मनालीकडून चढला, पहिल्याच घाटावर ओकाऱ्या काढून आठव्या दिवशी परतला. सहावं पान त्यानं वाचलंच नव्हतं. हे ऐकून मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

दोन महिने आमच्या घरात कामापुरतं बोलणं झालं. त्याला दुकानात जायला गाडीची चावी मी रोज सकाळी द्यायचे आणि संध्याकाळी मागून घ्यायचे. ऑगस्ट संपताना तो एके दुपारी माझ्या टेबलासमोर, पक्षकारांच्या स्टुलावर येऊन बसला.

"सप्टेंबरात रस्ते चालू असतात म्हणे. जाऊ आपण दोघं. तुला काय लिहून पाहिजे ते लिही, मी सही करतो."

मी टाइप केलं. सदर वाहन माझ्या नावावर आहे. डोंगरातील संपूर्ण प्रवासात ते मी स्वतः चालवीन. पती मागे बसतील. मार्ग, मुक्काम व निघण्याची वेळ वहीप्रमाणे राहील. तिसरी व्यक्ती सोबत नसेल. वरील मजकूर दोघांना स्वखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय मान्य आहे. खाली दोन नावं, दोन रेघा.

प्रिंट निघाली. त्यानं पेन उघडलं.

"कुठं करू सही?"

"आधी वाचा," मी म्हटलं. "मला कुणी वाचू दिलं नव्हतं."

त्यानं वाचलं. पहिल्यांदा भरभर, मग एकेक ओळ. शेजारच्या टेबलावरचे वकील आमच्याकडं बघत होते, तेही त्याला दिसलं.

"मी मागं बसू?" तो म्हणाला. "बायकोच्या मागं?"

"मी तेरा वर्षं बसले."

त्यानं पेनाचं टोपण लावलं, पेन कागदावर ठेवलं आणि उठून गेला. मी तेच पेन घेऊन माझ्या नावापुढं सही केली. पार्सलवाल्याला एकच लागते, मालकाची.