नवव्या चेंबरचा खिळा

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांचा डबा दिसला की तो दिवस आजही माझ्यासमोर उभा राहतो. आपण फार हुशार पोलीस होतो, हा माझा गैरसमज मग थोडा कमी होतो.

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांच्या शिवेवर, एका तालुक्याच्या गावी मी पोलीस निरीक्षक होतो. गावाबाहेर नगरपालिकेचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र होतं. गटारांचं पाणी तिथल्या टाकीत येतं, टाकीत हवा सोडतात, त्या हवेवर जगणारे सूक्ष्म जीव घाण खातात आणि बरंचसं साफ पाणी नाल्यात जातं. हे ज्ञान मला त्या प्रकरणामुळे झालं. त्याआधी तिथून जाताना मी जीपची काच वर करायचो, एवढाच संबंध.

सकाळची हजेरी चालू असतानाच नाल्याकाठचे शेतकरी ठाण्यात शिरले. पाणी पुन्हा हिरवट आलं होतं, मेथी करपली होती. एक नाना पुढे आले. "साहेब, त्याच पानीवर मन्ही म्हैस मरी गयी. त्या ऑपरेटरले धरा. त्यानीच टाकीमा काहीतरी टाकं."

त्यांच्या पाठोपाठ नगरपालिकेचे अभियंता लेखी तक्रार घेऊन आले. चार महिन्यांत चार वेळा टाकीतले जीव मेले होते. आधी त्यांना वाटलं, हवेचे पाइप खराब आहेत. पाइप दुरुस्त केले, तरी तेच. मग पाणी तपासून घेतलं तर त्यात तेजाब आणि तांबं निघालं. संशय ऑपरेटरवर. कंत्राटी माणूस, कंत्राट संपत आलेलं, त्यात या अभियंत्यांशीच भांडण. हेतू असा आयता ताटात वाढून आला की मला कोण आनंद होतो.

मी केंद्राचं रजिस्टर मागवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिलं. चारही वेळा पाणी बिघडलं ते अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. आजही तोच दिवस. केंद्रातल्या लोकांनी फाटकाला लिंबू-मिरची बांधली होती. माझा बाधेवर विश्वास नाही, माणसांवर त्याहून कमी.

दुपारी आमच्या खबऱ्याचा फोन आला. त्याची सराफ गल्लीच्या तोंडाशी चहाची गाडी होती. "साहेब, तुमचा ऑपरेटर गल्लीत चेंबरची झाकणं उचलतोय. दोरीला काहीतरी बांधलेलं आहे. सारखा मागे वळून बघतोय."

आम्ही त्याला तिथेच उचललं. तिशीचा, हडकुळा, हाताला गटाराचा वास. हातात पहार, पिशवीत सुतळीचं बंडल आणि वेगवेगळ्या कागदांत गुंडाळलेले अकरा खिळे. हवालदार चार पावलं मागे सरला. "साहेब, करणीचा प्रकार दिसतो."

ठाण्यात मी त्याला समोर बसवलं. "आत काय टाकलंस?"

"खिळे."

"आणि अजून काय?"

"काहीच नाही."

दोन तास हेच. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, गुन्हा दाखल करून आत टाकतो म्हणालो. बाहेर शेतकरी ठाण मांडून बसले होते. तो मान खाली घालून गप्प. पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझा ठाम समज झाला होता की गप्प बसणारा माणूस स्वतःला वाचवत असतो. अटकेची तयारी करायला मी ठाणे अंमलदाराला सांगून टाकलं.

जप्तीचा पंचनामा लिहिताना खिळे एकेक करून टेबलावर मांडले. एकाच दुकानातले, एकाच मापाचे. पण काही काळपट होते आणि काहींवर लालसर थर चढला होता. प्रत्येकाच्या कागदावर आकडा होता. फक्त एकाचा कागद फाडलेला होता, आणि तोच खिळा सगळ्यांत लाल होता.

"हा लाल का?"

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "तांबं विरघळलेलं पाणी असलं की लोखंडावर तांबं चढतं, साहेब. अमावास्येच्या आधी मी प्रत्येक चेंबरमध्ये एकेक टांगला होता. ज्या चेंबरमधला खिळा लाल, त्या वाटेनं तांबं येतं."

"म्हणजे तू शोधत होतास?"

"दुपारपासून सगळे विचारताहेत, काय टाकलं. काय शोधतोस, हे कोणी विचारलंच नाही."

मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण संशयी माणसाची लाज टिकत नाही. सुटकेचा पुरावा पिशवीत असताना हा दोन तास बोलला का नाही? आणि कागद कोणी फाडला? बाकीच्या कागदांवर एक ते आठ, दहा आणि अकरा हे आकडे होते. पंचांना घेऊन, त्यालाही सोबत घेऊन मी गल्लीत गेलो. झाकणांवर खडूने आकडे घातलेले होते. एका झाकणावरचा खडू पायाने पुसलेला होता. समोर एका झारेकऱ्याचं घर.

सोनारांच्या दुकानातला झाडलेला कचरा धुऊन त्यातून सोन्याचा कण काढणारे हे लोक. हल्ली सोनार आपला कचरा स्वतःच जपतात, म्हणून या म्हाताऱ्याने जुन्या मोबाइलमधल्या पट्ट्या तेजाबात बुडवून सोनं काढायला सुरुवात केली होती. मागच्या पडवीत निळ्या-हिरव्या पाण्याचं पिंप होतं, जवळजवळ रिकामं. अमावास्येला गल्लीतले कारागीर काम बंद ठेवतात. म्हाताराही भट्टी लावायचा नाही, त्या दिवशी तो साफसफाई करायचा. रीत अगदी काटेकोर पाळायचा, आणि महिन्याचं पिंप समोरच्या चेंबरमध्ये ओतायचा. एवढ्या गटारात एक पिंप काय मोठंसं, असं त्याला वाटे.

माझ्या हातातला लाल खिळा पाहून म्हातारा चमकला. "हाई तर मीच शिकाडेल शे याले," तो ऑपरेटरकडे बघत म्हणाला. "ल्हानपने. तेजाबमाईन तांबं काढाले."

तो त्याचा मामा होता. आई गेल्यावर त्यानेच भाच्याला वाढवलं होतं.

"तू पहिलेच सांगतास, तर मी बंद करतू," मामा म्हणाला.

"दोन डाव सांगं मी, मामा."

म्हातारा खाली बसला. भाचा मला म्हणाला, "मागच्या महिन्यातही याच चेंबरचा खिळा लाल निघाला होता, साहेब. मामानं शपथ घेतली, आता टाकणार नाही. या वेळी खिळा काळा निघेल, अशी आशा होती."

मामावर गुन्हा दाखल झाला. भाच्याने जबाब दिला, सही करताना पेन दोनदा खाली ठेवलं. हवेच्या पाइपांसाठी टाकी पुन्हा उकरायचा बेत अभियंत्यांनी रद्द केला. ऑपरेटरने सुचवल्याप्रमाणे विषारी गाळ उपसला, दुसऱ्या शहरातल्या केंद्रातून टँकरने जिवंत गाळ आणून टाकीत सोडला, आणि गल्लीच्या चेंबरमध्ये खिळे टांगून ठेवायचं ठरलं. त्याचं कंत्राटही वाढलं. त्याच्याविरुद्ध ओरडणारे नाना एक दिवस केंद्रावर मेथीची जुडी ठेवून गेले.

पुढच्या अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम केंद्रावर गेलो, जीपची काच खाली ठेवून. टाकीवर तपकिरी फेस होता. तो म्हणाला, हे चांगलं लक्षण आहे. नऊ नंबरचा खिळा त्याने मला दाखवला. काळा होता.

"म्हणजे आता सगळं ठीक?" मी विचारलं.

इतके दिवस माझ्याशी शुद्ध बोलणारा तो पहिल्यांदा घरच्या बोलीत बोलला. "पानी चांगलं शे, साहेब. मामी बोलत नही."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोणी समोर गप्प बसला की मी टेबलावर हात आपटला नाही. चहा मागवायचो आणि आधी विचारायचो, घरी कोण कोण असतं.