न लागणारी चेन

मोहीमराव सकाळी घरातून निघाला की तो कामाला चाललाय असं कुणाच्या मनातही येत नसे. अंगात तपकिरी लेदर जॅकेट, डोक्यावर रुंद काठाची फेडोरा हॅट, खांद्यावरून तिरकी टाकलेली जुनाट पिशवी आणि मुद्दाम राखलेली दोन दिवसांची दाढी. बघणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ आत्ताच कुठल्यातरी भुयारातून वर आलाय आणि जेवून पुन्हा खाली उतरणार आहे. प्रत्यक्षात तो दोन गल्ल्या ओलांडून चष्म्याच्या दुकानात जाई, हॅट खुंटीला अडकवी, जॅकेट तिच्याखाली टांगी, पांढरा कोट चढवी आणि दिवसभर काचा घासत बसे.

मोहीमराव हे नाव अर्थातच गल्लीनं ठेवलेलं. त्याला ते आवडायचं, हीच खरी गंमत. कुणी 'टोपी' म्हणालं तर मात्र तो थांबून दुरुस्ती करी. "टोपी नाही, हॅट."

कामाला तो पक्का होता. फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार सोडून काचेची कड घासायची, बोटाच्या टोकानं चाचपायची, फ्रेम किंचित गरम करून काच अलगद बसवायची. त्याच्या हातचा चष्मा नाकावरून घसरत नसे. पण बूड म्हणून स्थिर नाही. दोन काचा झाल्या की उठायचा, दाराशी जायचा, रस्त्याच्या या टोकाला बघायचा, त्या टोकाला बघायचा आणि परत येऊन बसायचा.

"कुणाची वाट बघताय?" दुकानाचे मालक विचारायचे.

"नाही, असंच."

"पायाला भिंगरी आहे तुमच्या. फक्त ती जागच्या जागी फिरते."

हे मालकांनी वर्मावर बोट ठेवलं होतं. कारण मोहीमराव आयुष्यात कुठंही गेलेला नव्हता. परक्या घरात त्याला झोप लागत नसे, वळणाच्या रस्त्यावर पोट ढवळायचं. एकदा मोठ्या उत्साहानं सहलीला निघाला तो गॅस चालू राहिला असेल म्हणून बसस्टँडवरून परत आला. गॅस बंद होता. त्याला हायसंच वाटलं आणि पुढं कधी सहलीचा विषय निघाला नाही. मग हा अवतार कशासाठी, असं कुणी विचारलंच तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं: "तयारीत असलेलं बरं."

हॅट त्यानं स्वतः घेतली होती, चार दुकानं पालथी घालून. जॅकेटची गोष्ट वेगळी होती आणि ती तो भेटेल त्याला ऐकवायचा. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. संध्याकाळी घरी आला तर पलंगावर उघडा खोका, पातळ कागदात हे जॅकेट. हात न धुता त्यानं ते अंगावर चढवलं आणि आरशापुढं उभा राहिला. या बाजूनं, त्या बाजूनं. बायको हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अगं, कसं दिसतंय?" तिनं क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "छान दिसतंय." झालं. "न मागता, न सांगता आणलं हो बायकोनं," हे वाक्य तेव्हापासून त्याच्या ओठावर. जॅकेट खांद्यात जरा आवळायचं, बाह्या मनगटाच्या वर राहायच्या आणि चेन कधी लागलीच नाही. पोट सुटलं नव्हतं तेव्हाही लागली नव्हती. "हे उघडंच घालायचं असतं, स्टाईलच तशी आहे," असं तो ठासून सांगे. खरंखोटं करायला जाणकार कुणी नव्हतंच.

एकच खंत होती. जॅकेट जुनं दिसेना. घर ते दुकान, दुकान ते घर एवढ्यानं कातड्यावर काय ओरखडा उमटणार! शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तो पॉलिशपेपर आणि तारेचा ब्रश घेऊन गॅलरीत बसला. कोपरं घासली, खिशांच्या कडा घासल्या, पाठीवर दोन लांब ओरखडे काढले. बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, चांगली वस्तू कशाला घासताय?"

"आता बघ, कसं जगभर हिंडून आल्यासारखं दिसेल!"

ती आत गेली. दार जरा जोरात लागलं. वाऱ्यानं लागलं असेल, असं म्हणून त्यानं दुसरं कोपर हातात घेतलं.

बायको हवामान कार्यालयात होती. वाऱ्याचा वेग, तापमान, पडलेला बर्फ, हे सगळं दूरदूरच्या केंद्रांवरून रोज फोनवर यायचं आणि ती कानाला हेडफोन लावून टिपून घ्यायची. डोंगरमाथ्यावरच्या केंद्राचा आवाज तर खरखरीतून जेमतेम ऐकू यायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. मुलगी मोठी होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. मग एक दिवस डोंगरमाथ्यावर वर्षभरासाठी निरीक्षक हवा असल्याचं कळलं आणि हिनं घरात कुणाला न विचारता अर्ज केला. निवड झाली तेव्हाच सांगितलं.

मोहीमरावानं दुकानात पेढे वाटावेत तशी ती बातमी वाटली. मालकांना सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, समोरच्या केशकर्तनवाल्याला दोनदा सांगितलं. आणि आत काय सलत होतं, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. वर्षभर एकट्यानं राहायचं होतं, ते एक झालंच. पण खरं दुखणं निराळं होतं. हॅट याच्या डोक्यावर आणि निघाली होती ती. हेवा वाटला त्याला. सरळ शब्द हाच आहे आणि तो स्वतःशीसुद्धा उच्चारायची त्याची छाती होत नव्हती.

निघण्याच्या आधी कार्यालयानं छोटासा समारंभ ठेवला. निवड झालेली माणसं घरच्यांना घेऊन आली होती. डोंगरमाथ्याचे केंद्रप्रमुख खास खाली उतरले होते. नव्या निरीक्षकाचे कागद अजून त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते, निवड झाल्याचं तेवढं कळलं होतं. मोहीमराव पूर्ण पोशाखात एका खांबापाशी उभा होता, बायको चहा आणायला गेली होती. केंद्रप्रमुखांनी हॉलभर नजर फिरवली आणि तडक याच्याकडं आले.

"अहो, तुम्हालाच शोधत होतो!" त्यांनी याचा हात दोन्ही हातांत घेतला. "माणूस बघितला की कळतं. असाच गडी पाहिजे होता आम्हाला. उंचीची सवय आहे ना?"

'मी नाही हो साहेब, माझी बायको.' बालवाडीतल्या पोरालाही जमलं असतं एवढं वाक्य. पण आयुष्यात पहिल्यांदाच त्या जॅकेटवर कुणीतरी मनापासून विश्वास ठेवला होता.

"आहे की," मोहीमराव म्हणाला.

"बर्फात राहिलाय कधी?"

"थोडंफार."

थोडंफार! बर्फाशी याचा संबंध ग्लासातल्या खड्यांपुरता. आणि आपण काय बोलून बसलो हे उमगेपर्यंत बायको दोन कप घेऊन शेजारी उभी होती. कधीपासून, ते त्याला कळलं नाही. केंद्रप्रमुखांनी तिच्या हातातला एक कप सहज उचलला.

"वहिनी, वर्षभरासाठी नवरा देताय आम्हाला. उपकार आहेत तुमचे."

ती म्हणाली, "साखर आहे त्यात. चालेल ना?"

थोड्या वेळानं व्यासपीठावरून नावं पुकारली. डोंगरमाथ्याचं नाव आलं तेव्हा ती उठून पुढं गेली. केंद्रप्रमुखांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग मोहीमरावाकडं, आणि मोठ्यानं हसले. "अहो, मग सांगायचं नाही का राव!" सगळा हॉल हसला. तीही हसली. तिचं हसू बाकीच्यांच्या आधी थांबलं, ते एकट्या मोहीमरावानं पाहिलं.

घरी आल्यावर ती ओरडली असती, चार शब्द सुनावले असते, तर तो सुटला असता. पण तिनं त्या विषयावर ब्र काढला नाही. जेवताना म्हणाली, वरती पाणी गरम करायला फार वेळ लागतो म्हणे. दुसऱ्या दिवशी म्हणाली, मोजे लोकरीचेच घ्यावेत. तो हो हो करत राहिला. निघायचा दिवस जवळ येत होता. हे असंच पोटात ठेवून ती वर्षभरासाठी गेली तर काय, या विचारानं त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. खिडकीपाशी जायचा, परत यायचा, पाणी प्यायचा, पुन्हा खिडकीपाशी.

"अगं, ते हॉलमधलं..." त्यानं एकदा धीर केला.

"त्या मोठ्या पिशवीचा पट्टा शिवून आणाल का?" ती म्हणाली.

त्यानं पट्टा शिवून आणला. दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा शेजारीण आली. तिसऱ्यांदा त्यानं तोंड उघडलं आणि स्वतःच मिटलं.

दुकानात तर कधी नव्हे ती चूक झाली. एका बाईंच्या चष्म्यात त्यानं काच तिरकी बसवली. संध्याकाळी बाई भिंतीला धरून परत आल्या. म्हणाल्या, "जमीन एका बाजूला कललीय हो!" मालकांनी माफी मागितली आणि त्या गेल्यावर याच्याकडं नुसतं बघितलं.

मुलीचा फोन आला. "बाबा, आईनं सांगितलं समारंभातलं. हसत हसत सांगत होती."

"हो, हसले सगळे."

"बाबा, आई हसत हसत सांगते ना, तेव्हा..."

"माहीत आहे गं," तो म्हणाला आणि फोन तिच्या आईकडं दिला.

निघायच्या आदल्या दुपारी ती पलंगावर सामान लावत होती. कार्यालयानं दिलेला जाडजूड कोट, मोजे, औषधं. मोहीमराव दारात उभा राहिला, आत आला, बाहेर गेला, परत आला. शेवटी जॅकेट खुंटीवरून काढून त्यानं तिच्यापुढं धरलं.

"हे घेऊन जा."

"तिथं यानं थंडी अडत नाही."

"तरी पण. तू हौसेनं आणलं होतंस माझ्यासाठी..."

तिनं मोज्याची घडी खाली ठेवली. "तुमच्यासाठी नव्हतं आणलं."

त्याला आधी कळलंच नाही.

"माझ्यासाठी घेतलं होतं. पहिल्या पगारातून. तेव्हाही वरच्या केंद्रावर जागा निघाली होती, मी अर्ज करणार होते. आत भांडी आवरत होते, तेवढ्यात तुम्ही आलात आणि घातलंत. आरशापुढं असे उभे होतात, की म्हटलं, असू दे. आपण दुसरं घेऊ. मग पोरगी झाली, मग तुमच्या आईंचं आजारपण. राहिलंच ते."

आवळणारे खांदे, आखूड बाह्या, कधीच न लागलेली चेन. घासलेल्या कोपरावरून त्यानं बोट फिरवलं. मग विचारलं, "मी घासत होतो तेव्हा तरी बोलायचंस."

"बोलले की. मग आत गेले."

"दार वाऱ्यानं लागलं होतं ना?"

"त्या दिवशी वारा नव्हता," ती म्हणाली. "वाऱ्याचं तुम्ही मला सांगू नका."

तिनं मोजे पिशवीत कोंबले. तो जॅकेट हातात धरून तसाच उभा राहिला. ते अंगात घालावं तरी पंचाईत, खुंटीला लावावं तरी पंचाईत. हॉलमधलं बोलायचं राहिलं ते राहिलंच, आणि आता तर ते एकटं उरलं नव्हतं.

सकाळी जीप आली. केंद्रप्रमुख पुढं बसले होते, मागं दोघं कर्मचारी आणि खोकी. सोडायला शेजारीपाजारी खाली उतरले होते, मालकही दुकान उघडायचं सोडून आले होते. मोहीमराव पिशव्या घेऊन आला. डोक्यावर हॅट होती, अंगात नुसता शर्ट आणि जॅकेट घडी करून हातावर.

"काय राव," केंद्रप्रमुख खिडकीतून ओरडले, "अजून वेळ गेलेली नाही! येताय का? उंचीची सवय आहेच तुम्हाला!"

सगळे हसले. ती मागं चढून बसली होती, तिनं बाहेर बघितलं नाही. आत्ता नाही तर वर्षभर नाही, हे मोहीमरावाला कळत होतं. त्यानं हॅट काढली. ती कुठं ठेवावी कळेना म्हणून काखेत धरली.

"नाही साहेब," तो म्हणाला. आवाज जरा चढाच लागला. "मला सवय नाही. मी कुठं गेलेलोच नाही कधी. त्या दिवशी तुम्ही हात पुढं केलात, तो हिच्यासाठी होता आणि मी तो घेतला. गंमत म्हणून नाही घेतला. मला हवा होता म्हणून घेतला."

केंद्रप्रमुखांनी खिडकीतून बाहेर काढलेलं डोकं आत घेतलं. मालक खाली बघू लागले.

"आणि हे जॅकेटही हिचंच आहे," मोहीमराव म्हणाला. "इतकी वर्षं मी माझं म्हणून सांगत आलो. तुम्हालाही सांगितलंय मालक, शंभरदा."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती, त्यानं ती आपणहून बंद केली. मागच्या खिडकीची काच खाली आली आणि बायकोचा हात बाहेर आला.

"द्या ते इकडं."

"थंडी अडत नाही म्हणालीस ना?"

"वर पोचेपर्यंत चालेल. द्या."

त्यानं दिलं. जीपमध्ये दाटीवाटी होती, तरी तिनं ते बसल्या बसल्या चढवलं. खांदे जिथल्या तिथं बसले, बाह्या मनगटाशी येऊन थांबल्या. तिनं चेन खाली जोडली आणि एका झटक्यात गळ्यापर्यंत ओढली. इतक्या वर्षांत न हललेली ती चेन कुठंही न अडकता वर गेली. घासलेली कोपरं तिनं एकदा उलटून बघितली आणि मान हलवली.

जीप सुटली. दहा-वीस हात पुढं जाऊन थांबली आणि खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलं. "अहो!"

तो धावत गेला. "काय? काही राहिलं का?"

"हॅट तुमचीच आहे," ती म्हणाली. "घाला ती. ऊन लागेल."