कॉफीचं मशीन आणि आईचा जबाब

बोंडअळीच्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास आईला घाटंजीतल्या आमच्या घरी विषबाधा झाली. त्याआधी अर्ध्या तासात तिने दोन कप कॉफी घेतली होती. दुसरं काही खाल्लं नव्हतं.

कॉफीचं मशीन माझ्या बहिणीचं. ती नवऱ्याबरोबर परदेशी गेली तेव्हा पुण्यातलं घर आवरताना तिने ते आमच्याकडे पाठवलं. सोबत पॉडचे चार डबे होते. पॉड म्हणजे कॉफीची पूड भरलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी बंद डबी. ती मशीनमध्ये घालायची, कळ दाबायची, खाली कप धरायचा. मागे पाण्याची टाकी असते. आमच्याकडे बोअरचं जड पाणी. महिनाभरात टाकीच्या तळाशी पांढरा थर धरला.

बाबांनी मशीनला पहिल्या दिवशीच नाकारलं. ज्या मशीनले चहा येत नाही ती कायची मशीन, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. आई म्हणायची, बोंबलते एवढी आणि देते वाटीभर. मी सुरुवातीला रोज घेत असे. नंतर बातमीदारीच्या फिरतीमुळे माझं घरी असणं कमी झालं. पॉडच्या डब्यांवर मुदत छापलेली होती आणि ती दिवाळीआधी संपत होती. पोरीने पाठवलेली वस्तू फेकायची नाही म्हणून आई रोज सकाळी एक पॉड लावू लागली. तिला कॉफी आवडत नव्हती. कडू लागते, असं ती दररोज म्हणायची आणि दररोज घ्यायची. एक पॉड एकदाच वापरायचा असतो, हे मी तिला दोनदा सांगितलं होतं. ती त्याच पॉडमधून दुसरं पाणी काढायची, आणि तेही प्यायची.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारलेलं औषध वरून तोंडावर येत असे. जिल्ह्यातल्या गावागावांतून फवारणारे मजूर दवाखान्यात दाखल होत होते आणि मी त्यांच्या बातम्या देत होतो. आमच्या शेतावर येणारे दोघे मजूर नवरात्रात यायचे बंद झाले. बाबांनी त्यांना आग्रह केला नाही. फवारणीचा पंप ओसरीत पडून राहिला. शेजारी औषधाची अर्धी बाटली होती.

रविवारी मशीन गळू लागलं. मी त्याच दुपारी ढाणकीकडे निघालो होतो. तिकडच्या दोन गावांतले मजूर दाखल झाल्याची खबर होती. आल्यावर पाहतो, असं मी आईला सांगितलं. सोमवारी तिने मशीन पुन्हा वापरलं. मंगळवारीही वापरलं. सोमवारी तिचं डोकं दुखत होतं आणि तोंडात सारखी लाळ येत होती, असं तिने नंतर सांगितलं. कॉफी नेहमीपेक्षा कडू होती का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की तिला कॉफी नेहमीच कडू लागते.

मी यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. वॉर्डातले तीन-चार रुग्ण मला ओळखत होते. मी त्यांची विचारपूस करून बातमी दिली होती. आई खिडकीजवळच्या खाटेवर होती. घामाने लुगडं भिजलं होतं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं की लक्षणं फवारणीच्या औषधाची आहेत, उपचार सुरू आहेत, जीव वाचेल. मग त्यांनी विचारलं, त्या शेतात गेल्या होत्या का? आई तीन वर्षांत शेतात गेली नव्हती.

विषबाधेचा रुग्ण आला की पोलीस जबाब घेतात. जमादार मी येण्यापूर्वीच येऊन गेला होता. काय झालं ते बाजूच्या खाटेवरच्या बाईने मला सांगितलं. जमादाराने आईला विचारलं होतं, काकू, घरी कोणी काही बोललं काय, कायले घेतलं? आई म्हणाली, म्या कॉफी घेतली. घरात औषध आहे का, असं त्याने बाबांना विचारलं. बाबांनी आहे म्हणून सांगितलं. बाटली कुठे असते, तेही सांगितलं. शेतात न गेलेल्या रुग्णाच्या खाटेजवळ जमादाराला बहुतेक एकच उत्तर मिळत होतं, स्वतः घेतलं. राहत्या घरी स्वतः विषारी औषध घेतलं, असं त्याने लिहिलं. आईचा हात थरथरत होता, म्हणून अंगठा घेतला. ती सातवी शिकलेली आहे आणि सही करते.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट घाटंजीत पोचली. भेटायला आलेल्या दोन बायकांनी आईला काही विचारलं नाही. त्या बाबांकडे पाहत होत्या. त्या गेल्यावर आईने मला जवळ बोलावलं.

"मी तसं करन काय?"

मी नाही म्हणालो.

"तू लिहिणारा आहेस नं? मंग जाऊन ते खोडून आण."

बुधवारी मी बाबांना घेऊन घरी आलो. काय सापडायला हवं ते मला ठाऊक नव्हतं. पाण्याचा माठ पाहिला, साखरेचा डबा पाहिला, औषधाची बाटली पाहिली. बाटलीचं झाकण बसलेलं होतं. मग मी मशीनची टाकी काढली. टाकीतून पाणी खेचणारा मूळचा पाइप पांढरा, मऊ असतो. तिथे हिरवट पाइप होता आणि तारेने आवळलेला होता. हंगामभर मी असे पाइप पाहत होतो. ओसरीतल्या पंपाचं झाकण उघडलं. आतला पाइप कापलेला होता.

बाबा दारात उभे होते.

"म्या तीन पाण्यानं धुतला होता," ते म्हणाले. "साबणानं."

मोडलेली वस्तू घरात सापडेल त्याने दुरुस्त करायची, ही बाबांची जन्माची पद्धत. पंख्याचा भाग सायकलला आणि सायकलचा मोटारपंपाला लागलेला आम्ही पाहिलेला आहे. सोमवारी सकाळी आई म्हणाली होती की पोरगा येईपर्यंत पॉड तसेच राहतील. बाबांनी मशीन उलटं करून अर्ध्या तासात नीट करून दिलं. वास आला नाही का, असं मी विचारलं. ते म्हणाले, दोन महिने झाले, घरभर तोच वास आहे.

आमच्या मामांना हे समजल्यावर त्यांनी फोन केला. त्यांचं म्हणणं असं की आई वाचली आहे, प्रकरण आपोआप मिटेल, पाइप विहिरीत टाकून द्यावा. घरच्या जावयाने बहिणीला आपल्या हाताने विष पाजलं, हे कागदावर यायला नको. बाबांनी ऐकून घेतलं. फोन ठेवल्यावर ते जेवले नाहीत. मीही त्यांना काही सुचवलं नाही.

गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसने ते यवतमाळला गेले. मी सोबत होतो. पाइप प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी तो धोतराच्या सोग्यात धरला होता. रुग्णालयाच्या पोलीस चौकीत तोच जमादार होता. त्याने पिशवी उघडली, वास घेतला आणि बाबांना बसायला सांगितलं. मग तो माझ्याशी बोलला. हे लिहिलं तर तुमच्या वडिलांवर येते, असं त्याचं म्हणणं होतं.

"माह्यावर येऊ द्या," बाबा म्हणाले. "तिच्यावरचं काढा."

जमादाराने सांगितलं की लिहिलेलं काढता येत नाही, पुरवणी जबाब जोडता येतो. तो लिहायला पाऊण तास लागला. दुपारी त्याने आईचाही जबाब पुन्हा घेतला; तिने कॉफी घेतली, एवढंच सांगितलं. या वेळी तिने सही केली.

शुक्रवारी मी तिच्या पहिल्या जबाबाची आणि पुरवणी जबाबाची नक्कल तिच्याकडे नेली. तिला अजून अक्षर स्पष्ट दिसत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. पहिला कागद तसाच होता. दुसऱ्यावर लिहिलं होतं की पतीने निष्काळजीपणे फवारणी पंपाचा पाइप कॉफीच्या मशीनला लावल्याने विषबाधा झाली. 'निष्काळजीपणे' हा शब्द तिने मला पुन्हा वाचायला लावला. मग विचारलं, हे पोलिसाले कोणं सांगितलं? मी बाबांचं नाव घेतलं. बाबा बाहेरच्या बाकावर बसले होते. तिने त्यांना आत बोलवायला सांगितलं नाही.

शनिवारी तिला घरी सोडलं. मशीन आणि पाइप पोलिसांनी त्याआधी नेले होते. पाइपच्या तपासणीचा अहवाल आमच्यापर्यंत आला नाही. तिन्ही जबाब एकाच फाइलमध्ये आहेत. पहिल्यावर आईचा अंगठा आहे, दुसऱ्यावर बाबांची सही, तिसऱ्यावर आईची.